तिसऱ्यांदा पाणी शिरलेलं घर: या वेळी नीट उभं कसं करायचं?

गोदाकाठी
एका कुटुंबासाठी विचारतो आहे. आजी, नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुलं. नाशिकला गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाजवळ स्वतःचं तळमजल्याचं घर आहे, जुन्या वाड्याचा उरलेला भाग. मागची भिंत दगड-मातीची, बाकीच्या विटा-सिमेंटच्या. २०१६ ला आणि २०१९ ला पाणी आलं होतं, आता तिसऱ्यांदा. या वेळी घरात साडेतीन फूट होतं, साधारण तीस तास राहिलं आणि काल ओसरलं. पोटऱ्या बुडतील एवढा गाळ आहे. मदतीला आठ-दहा जण आहोत, पैसे मोजके आहेत. आधीच्या दोन्ही वेळी आठवड्याभरात रंग मारून घर होतं तसं लावलं, आणि दिवाळीपर्यंत भिंतींवर बुरशी आली. आधी काय करायचं, नंतर काय, आणि कशावर पैसे अजिबात घालायचे नाहीत, हे जाणकारांनी सांगावं.

भिंतजाणता
सगळ्यात आधी ती मागची भिंत. आठ-दहा जणांनी एकदम आत शिरू नका. मातीत बांधलेली भिंत पाण्यात असताना बऱ्याचदा टिकते आणि पाणी ओसरल्यावर दोन-तीन दिवसांनी बसते. पाणी असतं तेव्हा दोन्ही बाजूंनी सारखा दाब असतो. ते गेलं की आतली माती लोण्यासारखी मऊ झालेली असते आणि वरचं सगळं वजन तिच्यावर येतं.

बाहेरून आणि आतून ओळंबा लावून बघा. भिंतीला पोट सुटलंय का, कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटल्यात का, कालपर्यंत लागणारं दार आज अडकतंय का, तुळईच्या टोकाखालची माती ओघळली आहे का. यातलं एकही दिसलं तर तुळईखाली टेकू लावल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. टेकू ओल्या जमिनीवर थेट ठेवू नका, रुततो. खाली दोन फूट लांबीची जाड फळी टाका, वर पाचर ठोका. प्रत्येक भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून अंतर आणि तारीख लिहा. उद्या अंतर वाढलेलं दिसलं तर घर रिकामं करायचं आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी कळवायचं.

आणखी एक विचारायचं आहे. वाडा जुना आहे, तर खाली तळघर आहे का?

गोदाकाठी
आहे, लहानसं. पूर्ण भरलेलं आहे. मोटर लावून आजच उपसणार होतो.

भिंतजाणता
थांबा, आज नको. बाहेरची जमीन अजून पाण्याने भरलेली आहे. आतलं पाणी एकदम काढलं तर बाहेरच्या ओल्या मातीचा सगळा जोर तळघराच्या भिंतीवर येतो आणि भिंत आत ढासळते. आकडा सांगतो म्हणजे अंदाज येईल. दीड फूट पाणी एक मीटर लांबीच्या भिंतीवर साधारण १०० किलोचा जोर देतं, तीन फूट पाणी ४०० किलोहून जास्त. उंची दुप्पट झाली की जोर चौपट होतो. त्यात मातीचं वजन वेगळंच.

आज फक्त एक फूट उपसा, पातळीवर खूण करा, रात्रभर ठेवा. सकाळी पाणी पुन्हा वर आलेलं असेल तर बाहेरची पातळी उतरलेली नाही, तेव्हा आणखी एक दिवस थांबायचं. वर आलं नसेल तर रोज दोन फुटांपर्यंत काढत जा. पेट्रोल-डिझेलचा पंप तळघराच्या तोंडाशी किंवा घरात ठेवू नका. त्याच्या धुराला वास येवो न येवो, बंद जागेत तो जीव घेतो.

आवकजावक
झाडू हातात घ्यायच्या आधी फोटो काढा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून, आकडा वाचता येईल असा. प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून. फ्रिज, मशीन, मोटर यांच्यावरची मॉडेल नंबरची पट्टी जवळून. भिजलेल्या धान्याच्या कोठ्या झाकण उघडून. सामान फेकायचंच आहे, पण फोटोशिवाय नाही.

पंचनाम्याला तलाठी आणि महापालिकेचे कर्मचारी येतात. त्या वेळी घरचं मोठं माणूस हजर असलं पाहिजे. पाणी किती वाजता आत आलं, किती तास राहिलं, किती फूट होतं, हे तिन्ही लिहून घ्यायला लावा, कारण मदत ठरवताना पाणी किती वेळ होतं हे बघितलं जातं. घराची पडझड आणि कपडे-भांड्यांचं नुकसान या दोन वेगळ्या बाबी आहेत, दोन्ही नोंदवल्या गेल्या का ते बघून मगच सही करा. सही झालेल्या कागदाचा फोटो तिथल्या तिथे घ्या. पथक आलंच नाही किंवा नाव सुटलं, तर तहसीलदारांच्या नावे अर्ज करायचा, फोटो जोडायचे आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा. शिक्का नसलेला अर्ज कुणाला दाखवता येत नाही.

पैसे अडकतात ते मंजुरीनंतर. खातं आधारला जोडलेलं नसतं, किंवा आधारवर आणि पासबुकावर नाव वेगळं असतं. हे या आठवड्यातच तपासून घ्या.

घराचा विमा आहे का? एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते आणि तिच्यात पूर येतो. गृहकर्जाबरोबर काढलेली पॉलिसी घरच्यांच्या लक्षातही नसते, म्हणून बँकेत एकदा विचारा. असेल तर सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत खराब वस्तू घराबाहेर एका जागी ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका.

तारजोड
मेन स्विच बंद आहे ना? तो चालू करायचा नाही. बोर्ड बाहेरून कोरडा दिसला तरी नाही. मीटर बुडाला असेल तर त्याचं सील तोडू नका, मीटर महावितरणचा असतो. १९१२ ला तक्रार नोंदवा आणि त्याच अर्जात मीटर वर हलवून मागा.

पाण्यात गेलेले स्विच, सॉकेट, एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळाली की पडणारा स्विच) सगळे टाकायचे. पुसून, हेअर ड्रायर मारून ते चालू होतात, पण आत गाळाचा पातळ थर राहतो. तो पावसाळी हवेत ओल धरतो आणि दोन-तीन महिन्यांनी तिथेच ठिणगी पडते. एमसीबी तर मुळीच ठेवू नका. आतली स्प्रिंग गंजली की गरजेच्या वेळी तो पडतच नाही.

पाइपातल्या वायरी प्रत्येक वेळी बदलाव्या लागतात असं नाही. आधी सगळे जोड उघडा, पाइपातलं पाणी काढा, आठवडाभर वाळू द्या आणि मग ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासून घ्या. एक मेगाओमच्या खाली आलं तर त्या लाइनची वायर ओढून नवी टाका. अर्थिंगही मोजून घ्या, खड्ड्याभोवतीची माती वाहून गेलेली असू शकते.

नवं काम करताना मात्र जुन्या पद्धतीने करू नका. वायरी छताजवळून आडव्या न्या आणि तिथून खाली बोर्डापर्यंत सोडा. बोर्ड पाच फुटांवर. खालच्या सॉकेटना वेगळा एमसीबी द्या, म्हणजे पाणी उंबऱ्याला लागताच तेवढाच बंद करून वरचे दिवे चालू ठेवता येतील. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. या घरात पैसे घालायची पहिली जागा हीच आहे.

गोदाकाठी
टेकू लावले. फोटो झाले. गाळ काढायला सुरुवात केली आहे. ब्लीचिंग पावडर आणली आहे, किती टाकायची? एकाने फरशी लवकर निघावी म्हणून त्यात संडासाचं ॲसिड मिसळायला सांगितलं.

टीसीएल
ॲसिड अजिबात मिसळू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत माणूस गुदमरतो, फुप्फुसांना इजा होते. दोन्ही बाटल्या एका बादलीजवळही ठेवू नका.

गाळ ओला आहे तोवरच काढा. दोन दिवस ऊन पडलं की त्याचा दगड होतो आणि मग फरशीही उखडते. फावड्याने घमेल्यात, घमेल्यातून गोण्यांत. मोरीत किंवा चेंबरमध्ये ढकलू नका. दोन्ही आधीच भरलेले आहेत, गाळ आत जाऊन घट्ट बसला की पुढचा पाऊस घरातूनच वर येईल. गाळ पूर्ण गेल्यावर साबणाच्या पाण्याने घासायचं, धुवायचं आणि मग ब्लीचिंग. चिखलावर भुरभुरलेली पावडर फुकट जाते, क्लोरीन चिखलातच संपून जातो.

ताजी पावडर असेल तर दहा लिटरच्या प्लास्टिक बादलीत १५० ग्रॅम. ढवळा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी फरशीवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर लावा. दहा मिनिटं ठेवून धुवा. हे पाणी रोज नवं करायचं, कालचं कामाचं नाही. लोखंडावर पडलं तर लगेच पुसा.

हजार लिटरची टाकी बुडाली असेल तर गाळ काढून, घासून, पुन्हा भरून १५० ग्रॅम पावडर विरघळवून टाका. सगळे नळ वास येईपर्यंत सोडा, मग बंद करून बारा तास ठेवा आणि सगळं पाणी वाहून जाऊ द्या. त्यानंतर रोजच्या वापराला हजार लिटरला ५ ग्रॅम, अर्धा तास थांबून. पहिले दोन आठवडे प्यायचं पाणी उकळूनच.

गाळात उतरणाऱ्यांनी गमबूट आणि रबरी हातमोजे घालावेत. पायाला जखम असेल त्याने उतरूच नये. लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून होणारा ताप) डॉक्टर प्रतिबंधक गोळी देतात, ती ७२ तासांच्या आत घेतलेली बरी. महापालिकेच्या दवाखान्यात विचारा. मेडिकलमधून परस्पर आणू नका, गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर तेही. पुढच्या तीन-चार आठवड्यांत कुणाला ताप आला तर ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे डॉक्टरांना सांगायचं विसरू नका. त्याशिवाय त्यांच्या डोक्यात लेप्टो येईलच असं नाही.

रांधप
पाणी लागलेलं धान्य, पीठ, मसाले आणि फिरकीच्या झाकणाचे डबे, सगळं टाकायचं. वाळवून दळून आणायचा मोह होतो, पण त्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. स्टीलची भांडी साबणाने धुवून उकळत्या पाण्यातून काढा. लाकडी पोळपाट-लाटणं, भेग पडलेली प्लास्टिकची भांडी ठेवू नका.

सिलिंडर तिरका तरंगून वाहत आलेला असेल तर एजन्सीला दाखवल्याशिवाय जोडू नका. रेग्युलेटर आणि नळी दोन्ही बदला. वास आला तर १९०६.

आवकजावक
कागदपत्रांचं राहिलं. भिजलेली फाइल उन्हात उघडून ठेवू नका, पानं एकमेकांना चिकटतात. ज्यांना हात लावायला आज वेळ नाही ती पिशवीत घालून कुणाच्या तरी फ्रीजरमध्ये ठेवा. तिथे बुरशी थांबते, नंतर सावकाश सोडवता येतात. बाकीची पानं एकेक करून पंख्याखाली, जुन्या सुती कापडावर. लॅमिनेशन केलेल्या दाखल्यात पाणी शिरलं असेल तर कडा कापून उघडा, नाहीतर आतल्या आत कुजतो. फोटो स्वच्छ पाण्यातून काढून चेहरा वर करून ठेवायचे, पुसायचे नाहीत.

काही गेलंच असेल तर खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते, मिळकत पत्रिका नगर भूमापनकडे, शाळा सोडल्याचा दाखला शाळेत. सगळं मिळाल्यावर स्कॅन करून गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाकडेही पाठवून ठेवा.

गोदाकाठी
धन्यवाद. घर धुऊन झालं. घरच्यांचा आग्रह आहे की गणपतीच्या आत रंग व्हावा. भिंती हाताला कोरड्या लागतात.

भिंतजाणता
हाताला कोरडी लागते ती फक्त वरची कातडी. नऊ इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी ठेवली तरी आतून वाळायला चार-पाच महिने घेते. महिन्याला साधारण एक इंच, असा हिशेब धरा. पावसाळ्यात त्याहून सावकाश. आधीच्या दोन्ही वेळी बुरशी आली ती यामुळेच. पुट्टी आणि ऑइलपेंटने ओल आत कोंडली.

आता हे करा. पाण्याच्या रेषेच्या वर दीड फुटापर्यंत पुट्टी, रंग आणि पोकळ वाजणारा गिलावा छन्नीने काढून टाका. साडेतीन फूट पाणी होतं, म्हणजे पाच फुटांपर्यंत. भिंत उघडी दिसते, घरच्यांना वाईट वाटतं, त्यांना कारण समजावून सांगा. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, एक पंखा बाहेर हवा फेकेल असा. खोली बंद करून हीटर लावू नका. वरचा थर तडकतो आणि बाहेर न गेलेली वाफ छतावर बसते. पाऊस चालू असेल तेव्हा खिडक्या बंद ठेवा, हवा उघडली की पुन्हा उघडा.

भिंतीवर पांढरा लोणा (भिंतीतला क्षार) फुटेल. तो कोरड्या ब्रशने झाडून गोळा करायचा, धुवायचा नाही. धुतला की विरघळून परत आत जातो.

वाळली का ते असं बघा: दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, एक दिवस ठेवा. आतून दव धरलं तर अजून वेळ आहे.

गणपतीसाठी पाच फुटांच्या वर रंग द्या आणि खाली चुना मारा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, बुरशीही रोखतो, आणि हाताने मारता येतो. दोन थर पुरेत. मागच्या दगड-मातीच्या भिंतीला पुढेही सिमेंटचा गिलावा करू नका, चुना-वाळूचाच करा, एकास तीन. सिमेंटने ओल आत राहते आणि माती कधीच घट्ट होत नाही. टाइल्स विटांच्या भिंतीला चालतील, तिला नाही.

सुतारपक्षी
सागवानी सामान सावलीत वाळवा. उन्हात ठेवलं की सांधे उघडतात आणि फळी पिळते. ड्रॉवर आत्ता ओढून काढू नका, फुगलेले असतात. मागची पाठ सोडवून आतून ढकला. प्लायवुड आणि भुशाच्या बोर्डाचं काहीही वाचत नाही, त्यावर पॉलिशचे पैसे घालू नका. लोखंडी कपाट आडवं करून तळ धुवा, गंज तिथून लागतो. मग रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारा. कापसाच्या गाद्या पिंजून घेऊ म्हणतात, नका घेऊ.

तारजोड
यंत्रांचंही सांगून ठेवतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद डबा असतो, तो वाचू शकतो. रिले, ओव्हरलोड आणि थर्मोस्टॅट बदलावे लागतात. मागच्या पोकळीत पाणी भरलं असेल तर दुरुस्तीत अर्थ नाही. मिक्सर, पंखा, पाण्याची मोटर: स्वच्छ पाण्याने धुऊन, चार दिवस वाळवून, वाइंडिंग मेगरने तपासून मगच वीज. दुचाकीला किक मारू नका. प्लग काढा, ऑइल काढा. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. नवं ऑइल भरून थोडा वेळ इंजिन चालवा आणि तेही बदला.

गोदाकाठी
आता पुढचं. घरच्यांच्या मनात आहे की आतून एक फूट भराव घालून फरशी उंच करावी. मेस्त्री तयार आहे.

भिंतजाणता
पाणी साडेतीन फूट आलं आणि भराव एक फूट. अडीच फूट तरी येणारच, आणि छत एक फुटाने खाली. त्यात भराव त्या मागच्या भिंतीला टेकून कायम ओल देत राहील. तो खर्च करू नका.

दारात फळ्या अडकवून पाणी अडवायचं म्हणाल तर दीड-दोन फुटांपर्यंत ठीक. दारच्या चौकटीला ॲल्युमिनियमच्या खाचा, त्यात १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणि कडांना रबर. त्याच्या वर पाणी गेलं तर आत येऊ द्यायचं. वर सांगितलेला ४०० किलोंचा हिशेब आठवा. घर कोरडं राहिलं आणि भिंत गेली, असं होतं.

माळा मात्र करा. लोखंडी अँगलचा, साडेसहा फुटांवर, आणि टेकवायचा तो विटांच्या भिंतींवर. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीलगतच्या मनाई पट्ट्यात, नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही, म्हणून काहीही बांधायच्या आधी नगररचना विभागात विचारून घ्या.

चेंबरवाला
आधी पाणी कुठून आलं ते विचारा. दारातून की मोरीतून?

गोदाकाठी
मोरीतून आणि संडासातून. दाराला लागायच्या तासभर आधी.

चेंबरवाला
काठावर बहुतेक ठिकाणी असंच होतं. सराफबाजार-दहीपुलाकडे तर जोराच्या पावसात गंगा शांत असतानाही गटारं उलटी येतात. घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये, रस्त्याच्या लाइनला जोडण्याआधी, ११० मिलिमीटरचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप) बसवा. झाकण उघडून हात घालता येईल अशाच जागी. तो फसतो एकाच कारणाने: पडद्यात चिंधी किंवा केस अडकतात आणि तो अर्धा उघडा राहतो. मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा उघडून धुवायचा. पडदा बंद असताना घरातलं पाणीही बाहेर जात नाही, म्हणून त्या वेळात संडास-मोरी वापरायची नाही. घरातल्या सगळ्यांना हे माहीत पाहिजे, विशेषतः आजींना. तोवर तात्पुरतं म्हणून संडासाच्या भांड्यात जाड प्लास्टिकमध्ये बांधलेली वाळूची पिशवी दाबून बसवा.

क्युसेक
शहराच्या वरच्या गंगापूर धरणातून किती सोडलं यावरच लोक अंदाज बांधतात. तो चुकतो, कारण धरणाच्या खाली नाल्यांचं पाणी वाटेत मिसळतं. शहरातल्या होळकर पुलाखालचा आकडा वेगळा जाहीर होतो, तो धरा. एक वही करा: तारीख, वेळ, धरणाचा विसर्ग, होळकर पुलाखालचा विसर्ग, दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली मूर्ती, तिच्यावरून पूर किती ते सांगतात) कुठल्या अंगाला पाणी, आणि आपल्या घराच्या कुठल्या पायरीला. २०१६ आणि २०१९ चे रकाने जुन्या वर्तमानपत्रांतून आणि घरच्यांच्या आठवणीतून भरा. मग या घरासाठी ‘इतका आकडा झाला की गाद्या माळ्यावर, इतका झाला की आजी आणि मुलं नातेवाइकांकडे’ असं ठरवता येतं. आकडे भिंतीवर पाच फुटांच्या वर मोठ्या अक्षरांत लिहा. पाणी रात्रीच चढलं तर वाचायला टॉर्च लागेल, तोही तिथेच टांगा.

रांधप
मदतीचं एक. पहिल्या दिवशी शंभर माणसं येतात, पंधराव्या दिवशी कुणी नसतं. तुम्ही आठ-दहा जण आहात तर रविवार वाटून घ्या, दिवाळीपर्यंत प्रत्येक रविवारी दोघं. जुन्या कपड्यांचे ढीग आणू नका. ते निवडायला आणि टाकायला त्या घरच्या बाईचाच दिवस जातो. नवीन आतले कपडे, पॅड, मच्छरदाण्या, चटया, झाकणाच्या दोन बादल्या, मुलांची वह्या-पुस्तकं, आजींच्या गोळ्या. जमलं तर दोन महिन्यांचं भाडं भरून जवळच एक खोली घेऊन द्या. भिंती वाळायला लागणारा वेळ त्यातूनच मिळतो. घाईने रंग मारला जातो तो राहायला दुसरी जागा नसते म्हणून.

मुलांना पाऊस सुरू झाला की झोप येत नसेल तर ‘काही होत नाही’ म्हणू नका. त्या वहीतला रकाना त्यांनाच भरायला द्या.

गोदाकाठी
खोली बघायला आज संध्याकाळी जातो. या रविवारी छन्नीकाम. किती हत्यारं लागतील?

भिंतजाणता
चार छन्न्या, चार दीड किलोचे हातोडे, सहा चष्मे, दहा मास्क, चाळीस रिकाम्या गोण्या. मागच्या भिंतीला हातोडा लावू नका, तिचा गिलावा नुसत्या थापीने खरवडून काढा. आणि आत शिरण्याआधी त्या पेन्सिलीच्या खुणा पुन्हा मोजा.